दुष्काळी मुलखातली उपकारस्तुती

माहूरला माणूस बहुधा काहीतरी मागायला येतो. रेणुकामातेची ओटी भरतो, दत्तशिखराच्या पायऱ्या चढतो, अनसूयेपुढे पदर पसरतो, सोनापीराच्या दर्ग्यातही डोकं टेकून जातो. देवापुढे गाऱ्हाणं घालायची इथली रीत जुनी, आणि गाऱ्हाण्याचे विषयही जुनेच: पाऊस, पोटपाणी, पोरंबाळं, दुखणीबाणी. या भागातल्या ख्रिस्ती माणसाचं गाऱ्हाणं काही वेगळं नाही. तो ते कुठे घालतो आणि घालून झाल्यावर उठून काय करतो, याकडे मात्र आपलं फारसं लक्ष गेलेलं नाही. म्हणून हा आढावा. तो नांदेड-लातूरपुरता ठेवता येत नाही. जालना, केडगाव, जामखेड अशी भटकंती करावी लागते, कारण या श्रद्धेच्या वाटाच तशा गेल्या आहेत.

माहूरच्या डोंगराला वळसा घालून पैनगंगा वाहते. आज ती नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांची शीव आहे, एकेकाळी ती दोन राजवटींची होती. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि नदीपलीकडे मिशनऱ्यांना वावरायला मोकळीक मिळाली. यवतमाळात फ्री मेथडिस्ट मिशन आलं. १९५३पासून तीस वर्षं तिथे युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. देशभरातली मुलं पाळक व्हायला यवतमाळच्या उन्हात येऊन राहायची. १९८३ साली ती संस्था पुण्याला हलली. नदीच्या अलीकडे मात्र निजामाचं राज्य. माहूर-किनवट तर १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होतं. इथे मिशनला जमीन हवी तर हैदराबादच्या दिवाणाची मर्जी सांभाळावी लागे. मराठवाड्यातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांची गोष्ट त्यामुळे माहूरच्या बरीच पश्चिमेला, जालन्यात सुरू होते, आणि ती सुरू करणारा कुणी गोरा साहेब नव्हता.

नारायण शेषाद्री हा निजामाच्या मुलखातला ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरी राहायला गेला होता. तो अज्ञान म्हणून कोर्टानं त्याला बापाच्या स्वाधीन केलं आणि त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावरून मुंबईत रान उठलं. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूनं उभे राहिले. आपल्या शाळांत या वादाचा धडा श्रीपतच्या नावानं येतो, नारायणाचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. तो जालन्याला आला. दिवाण सालारजंगाच्या कारभारात त्याला जमीन मिळाली आणि तिच्यावर त्यानं बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथे राहायला आली ती मुख्यतः मांग-महारांची कुटुंबं. गावकुसाबाहेर पिढ्या काढलेल्या माणसांना आपलं गाव, आपली विहीर, आपली शाळा मिळाली. १८९१ साली शेषाद्री वारला. पुढे दुष्काळ आले, प्लेग आला, निजामही गेला, पण जालन्याच्या आसपासच्या मंडळ्या टिकल्या.

या टिकण्याला एक टोमणा कायम चिकटलेला आहे. दुष्काळात भाकरीसाठी बाटलेले, असा. त्यात तथ्य नाही असं म्हणायचं कारण नाही. १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या तिन्ही दुष्काळांत मिशनच्या दारात गर्दी झाली, आणि तिच्यातल्या पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला. पण उपाशी माणसानं भाकर देणाऱ्याचा देव कोण आहे हे विचारलं, तर त्यात हिणवण्यासारखं काय आहे? आणि पाऊस पडून ज्वारी स्वस्त झाल्यावरही जे परत गेले नाहीत, त्यांचा हिशेब भाकरीत मांडता येत नाही.

दुष्काळ आणि श्रद्धा यांचा संबंध पाहायचा तर पंडिता रमाबाईंपाशी थांबावं लागतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थोतीर्थी हिंडायचे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात या विद्वान घराची उपासमार झाली. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि देवकार्यात संपवून कुटुंब मरण पत्करायला रानात शिरलं आणि झाडपाला खाऊन राहिलं. वडील गेले. मग आई गेली, तीही निजामाच्याच राज्यात, रायचूरला. तिला खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना. सोळा वर्षांची रमा पुढे झाली. तिची उंची इतरांना पुरेना, तेव्हा तिनं तिरडी डोक्यावर घेतली. पाठोपाठ बहीण गेली, काही वर्षांनी भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा पटकीनं गेला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पुण्यात गहजब झाला. तो करणाऱ्यांपैकी किती जणांना ती तिरडी आठवली असेल, कोण जाणे.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. सापळे झालेल्या, उवा-खरजेनं भरलेल्या, काही दलालांच्या हातून सोडवलेल्या. दौंडजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. तिथे मुक्तिसदन उभं राहिलं आणि १९००च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. उपदेशाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, तिथे काम होतं. विहिरी खोदल्या जात, माग चालत, तेलाचा घाणा होता, गोठा होता, रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई अंध मुलींना ब्रेल शिकवत. छापखाना तर सगळ्यात विलक्षण. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरओळख नसलेल्या पोरी तिथे खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या आणि त्याची पानं या मुली जुळवत होत्या. १९२१ साली मनोरमा वारली, पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. ते बायबल त्यांच्यामागे, १९२४ साली छापून पूर्ण झालं. ‘दुःखातून आशा’ असं आपण सहज लिहून मोकळे होतो. केडगावात त्या आशेला वेळापत्रक होतं, आणि तिच्या हाताला शाई लागलेली होती.

लक्ष्मीबाई टिळकांबद्दल इथे थोडकंच लिहितो, कारण ‘स्मृतिचित्रे’ मराठी वाचकाच्या घरात आहेच. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली धर्मांतर केल्यावर या बाईनं पाच वर्षं नवऱ्याशी, देवाशी आणि सोवळ्याशी झगडून १९०० साली बाप्तिस्मा घेतला. खुद्द टिळकांना मिशनच्या पगारी ख्रिस्तीपणाचा शेवटी वीट आला. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशन सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. पण मराठवाड्यातल्या खेड्यातल्या मंडळीत टिळक जिवंत आहेत ते पदांतून. अभंग, ओवी, भजन यांतून त्यांनी ख्रिस्ताला मराठी चाल दिली, त्यांच्या आधीच नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. म्हणून इथल्या प्रार्थनासभेत गिटारपेक्षा ढोलकी आणि टाळ अजून भारी पडतात. हल्ली कीबोर्ड आलाय, आणि तो जरा जास्तच मोठ्यानं वाजतो, हे माझं वैयक्तिक गाऱ्हाणं.

अशा सभेत ‘साक्ष’ देतात. माणूस उभा राहतो आणि आधी संकट सांगतो: बोअर आटली, सोयाबीन पाण्यात गेलं, नवरा पितो, पोरीचं लग्न मोडलं. अधूनमधून कुणी ‘आमेन’ म्हणतं. हे सगळं चारचौघांत बोललं जातं, आणि मला यातच मोठी ताकद दिसते. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत अलीकडे दर वर्षी हजाराच्या आसपास शेतकरी आत्महत्या होतात. त्यातल्या कितीतरी घरांत कर्जाचा आकडा बायकोलासुद्धा ठाऊक नसतो. गाऱ्हाणं मोठ्यानं घालायला परवानगी असणं ही लहान गोष्ट नव्हे. बायबलमधली स्तोत्रसंहिता अशा गाऱ्हाण्यांनी भरलेली आहे, विलापगीत तर नावापासूनच रडतं.

दुसरी गोष्ट उपकारस्तुतीच्या सणाची. पीक घरात आलं की मंडळीतले लोक पहिलं धान्य, कोंबडी, भोपळा, अंडी, जे असेल ते चर्चमध्ये आणतात. उपासना झाली की लिलाव होतो. अंडं एकानं बोली लावून घेतलं की तो ते परत देतो, पुन्हा बोली होते, पुन्हा कुणी घेतं. एकेक अंडं असं चार-पाच हातांतून फिरतं आणि कोंबडीच्या भावाला जातं. पीक बुडालेल्या वर्षीही हा सण होतो. टोपल्या कमी असतात, म्हणून एकेका वस्तूवरची बोली लांबते, हसणंखिदळणं चालू राहतं, पाळकाचा पगार आणि चर्चच्या पत्र्यांची डागडुजी त्यातूनच निघते. नापिकीच्या साली उपकार कशाचे मानायचे, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नसेल असं नाही. पण बोली थांबत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. लातूर-उस्मानाबादकडची दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचा भार घेतलेली घरं झोपलेल्या माणसांवर बसली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. कोप झाला, पाप भरलं, असं सांगणारे प्रत्येक संकटात सगळ्याच धर्मांत निघतात, ख्रिस्ती व्यासपीठंही त्याला अपवाद नाहीत. त्यांनी लूकचं शुभवर्तमान नीट वाचलेलं नसावं. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं चिरडून मेल्याची गोष्ट तिथे येते. ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असं येशू स्पष्ट सांगतो. मग ती का मेली? याचं उत्तर तो देत नाही, उलट ऐकणाऱ्यांना तुम्ही स्वतः वळा म्हणतो. बायबलमधल्या ईयोबालाही शेवटपर्यंत कारण मिळत नाही. ज्यांचं घर बसलं आहे अशांना कारण न सांगता त्यांच्याजवळ थांबायचं, ही या धर्माची चांगली बाजू. भूकंपानंतर मदतीला आलेल्या शेकडो संस्थांत कासासारख्या चर्चच्या संस्था होत्या, तशा जामखेडच्या खेडवळ आरोग्यसेविकाही होत्या.

जामखेड नगर जिल्ह्यात, पण बीडच्या वेशीवर. म्हणजे पाऊस मराठवाड्याचाच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं जोडपं. अमेरिकेतून परत येऊन १९७० साली जामखेडला एका जुन्या गुरांच्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केलं. आल्या आल्या बहात्तरचा दुष्काळ उभा राहिला. लोक म्हणाले, डॉक्टर, औषध राहू द्या, आधी पाण्याचं बघा. त्यांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली आणि बोअर घेतल्या. पुष्कळ गावांत हातपंप दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवं तर सवर्ण बाईला घागर घेऊन तिकडे जावं लागणार, हे आरोळ्यांना नीट ठाऊक होतं. व्याख्यानांनी जे झालं नसतं ते त्या दांड्यानं थोडंफार केलं.

पुढे त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, बऱ्याचशा निरक्षर, कैक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी, क्षयाची आणि कुष्ठाची लक्षणं शिकवली. १९७१ साली या गावांत हजारी १७६ बालकं वर्षाच्या आत मरत होती, पंचवीस वर्षांत हा आकडा पंचविशीच्या आसपास उतरला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या सेविकांतल्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला जाऊन जगभरच्या तज्ज्ञांपुढे बोलल्या. डॉक्टर हे झुंबरासारखे, महागडे आणि एकाच जागी टांगलेले, आणि आम्ही पणत्या, एकीवरून दुसरी लावता येते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. आरोळे आपली श्रद्धा लपवत नव्हते, पण दवाखान्यात येणाऱ्याला ती विकतही नव्हते. ज्या बायका तिथे घडल्या त्या आपापल्या देवापुढे हात जोडत राहिल्या.

नगरच्याच बाजूला फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाचं काम उभं केलं. १९४८ साली भारतात आलेला हा स्विस जेझुइट माथा ते पायथा बांध घालत हिंडला. त्यातून १९९३ साली निघालेली ‘वॉटर’ ही संस्था पुढे मराठवाड्यातही पोहोचली. आणि नगर जिल्ह्यातलंच हरेगाव विसरून चालणार नाही. १९४९पासून दर सप्टेंबरात तिथे मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते. मराठवाड्यातून ट्रॅक्टर, टेम्पो भरून माणसं जातात आणि त्यांत हिंदू किती नि ख्रिस्ती किती हे कुणी मोजत बसत नाही. तिथेही नवसच बोलले जातात. माहूरच्या माणसाला हरेगावात परकं वाटणार नाही.

आता थोडं कडू. प्रार्थनेनं बरं होईल, गोळ्या बंद करा, असं सांगणारे फिरते प्रचारक अलीकडे वाढले आहेत. तेलाची बाटली, मोठा स्पीकर, चमत्काराची हमी. यातून मधुमेहाची माणसं पाय गमावतात आणि दोष त्यांच्याच कमी विश्वासावर टाकला जातो. आरोळ्यांच्या मुलखाशेजारी हे चालावं याची लाज वाटायला हवी. अशाच सभांकडे बोट दाखवून साध्या घरगुती प्रार्थनेवरही धर्मांतराचा संशय घेतला जातो, तो वेगळा त्रास. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटोंकडे आलं तेव्हाही विरोध झाला, धमक्या आल्या. पाठीच्या दुखण्यानं बेजार झालेला हा वसईचा माणूस तरीही आला आणि मराठीत बोलून गेला.

आणि सगळ्यात चिवट दुखणं जातीचं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून मराठवाड्यात आजही शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू मांग’ आणि मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याचं नाव, अशी दोन कागदांवरची आयुष्यं सापडतात. अत्याचार झाला तर कुठला कागद काढायचा, हे त्या घराला आधी ठरवावं लागतं. २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला, दोन वर्षांची मुदत होती, ती वाढवली गेली. आयोगाचं काय व्हायचं ते होईल. पण चर्चमध्ये एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसं सोयरिकीच्या बैठकीत ‘मूळचे कोण?’ असं हळूच विचारतात, तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवता येत नाही. त्या बैठकीत पाळकही बसलेला असतो.