गर्भ राहिल्याचे कळण्याआधी घेतलेल्या गोळ्या

वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रीला दिवस गेल्याचे कळते, तेव्हा आनंदाच्या मागोमाग एक शंका डोके वर काढते, ती म्हणजे तोवर घेतलेल्या गोळ्या बाळाला बाधणार तर नाहीत ना, ही. औषधासोबतच्या माहितीपत्रकावर गर्भवतीने ते घेऊ नये अशी स्पष्ट सूचना असते आणि ती वाचल्यावर शंकेची भीती होते. ही भीती कितपत खरी, हे ठरवायचे तर औषधाच्या नावाइतक्याच, किंबहुना त्याहून अधिक, तारखा महत्त्वाच्या ठरतात.

अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडावे यासाठी प्रामुख्याने क्लोमिफेन आणि लेट्रोझोल ही दोन औषधे दिली जातात. क्लोमिफेन हे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची मेंदूतील जागा अडवते, तर लेट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन तयार करणाऱ्या विकराचे काम काही काळ थांबवते. दोन्हींचा परिणाम असा, की इस्ट्रोजेन कमी पडत असल्याचा संकेत मेंदूला मिळतो आणि तो अंडाशयाला चालना देणारे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडू लागतो. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान गोळ्या सुरू करून त्या सलग 5 दिवस घ्यायच्या, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

औषध शरीरात किती काळ राहते, हे त्याच्या अर्धायुकालावरून, म्हणजे रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या वेळेवरून समजते. लेट्रोझोलचा अर्धायुकाल सुमारे 2 दिवसांचा असल्याने शेवटच्या गोळीनंतर साधारण 10 दिवसांत ते बहुतांशी निघून जाते. क्लोमिफेनचा सुमारे 5 दिवसांचा आहे आणि त्यातील एका घटकाचा अंश तर काही आठवडे रेंगाळतो. समजा, पाळी 1 सप्टेंबरला आली, लेट्रोझोल 3 ते 7 तारखांना घेतले आणि 15 तारखेच्या सुमारास गर्भधारणा झाली. तर गर्भ गर्भाशयात रुजेपर्यंत, म्हणजे त्यानंतरच्या 6 ते 10 दिवसांत, औषध जवळपास संपलेले असते. अवयव घडण्याचा काळ गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंतचा असल्याने तो या हिशेबात बराच पुढे राहतो. गर्भवती होण्याआधी ठरल्याप्रमाणे गोळ्या घेतलेल्या बहुसंख्य स्त्रिया याच गटात मोडतात आणि त्यांना घाबरण्याचे कारण नसते.

काळजीचे कारण असते ते वेगळ्याच परिस्थितीत. गर्भ राहिल्यानंतरही पाळीच्या तारखेच्या आसपास थोडेसे डाग लागतात आणि पाळी आली असे समजून पुढच्या महिन्याच्या गोळ्या सुरू केल्या जातात. वरच्याच उदाहरणात 28 सप्टेंबरला डाग दिसले आणि 30 तारखेपासून 5 दिवस लेट्रोझोल घेतले, तर पहिल्या गोळीच्या वेळी गर्भ 15 दिवसांचा असतो आणि औषध शरीरातून जाईपर्यंत तो सुमारे 29 दिवसांचा झालेला असतो. हृदयाचे स्पंदन सुरू होणे आणि मेंदू व मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नलिका मिटणे, या दोन्ही घटना याच पंधरवड्यात घडतात. पहिल्या दोन आठवड्यांत इजा झालीच तर गर्भ एक तर टिकत नाही किंवा पूर्णपणे सावरतो, हे तत्त्व पुष्कळदा दिलासा म्हणून सांगितले जाते. परंतु रेंगाळणाऱ्या औषधाच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही. म्हणूनच प्रत्येक महिन्याच्या गोळ्यांआधी, विशेषतः रक्तस्राव नेहमीपेक्षा कमी असेल तर, लघवीची किंवा रक्तातील बीटा-एचसीजी या गर्भधारणा दर्शवणाऱ्या संप्रेरकाची तपासणी करणे अगत्याचे आहे. पाळी लांबली म्हणून परस्पर औषधाच्या दुकानातून पाळी आणण्याच्या गोळ्या घेण्याआधीही हीच तपासणी हवी. आपल्याकडे ती सर्रास टाळली जाते, हे खेदजनक आहे.

लेट्रोझोलभोवतीच्या भीतीला भारतात एक इतिहास आहे. 2005 मध्ये कॅनडातील एका परिषदेत 150 बालकांच्या माहितीवर आधारलेला एक निबंध सादर झाला आणि त्यात हृदयाची व हाडांची व्यंगे अधिक आढळल्याचे म्हटले होते. तुलनेसाठी घेतलेल्या माता मात्र वंध्यत्वाचा उपचार न घेतलेल्या आणि कमी जोखमीच्या होत्या. 2006 मध्ये कॅनडातीलच 911 बालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जन्मजात व्यंगांचे प्रमाण लेट्रोझोलच्या गटात 2.4 टक्के, तर क्लोमिफेनच्या गटात 4.8 टक्के होते. तरीही भारत सरकारने 2011 मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरण्यास मनाई केली आणि ती 2017 मध्ये उठवली. सामान्य लोकसंख्येतही दर 100 बालकांमागे 2 ते 3 बालकांत मोठे व्यंग आढळते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ लागतो. अर्थात हे अभ्यास गर्भधारणेपूर्वी घेतलेल्या गोळ्यांविषयीचे आहेत. गर्भ राहिल्यावर चुकून घेतलेल्या गोळ्यांची नोंद झालेली उदाहरणे थोडी असल्याने त्यांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, आणि दोन्ही प्रश्नांची गल्लत करणे योग्य नव्हे.

उपचारातील सर्वच औषधे एका मापाने मोजता येत नाहीत, हेही सांगायला हवे. प्रोजेस्टेरॉन हे गर्भाशयाचे अस्तर टिकवण्यासाठीच दिले जाते, त्यामुळे तपासणी सकारात्मक आल्यावर घाबरून ते स्वतःहून बंद करणे गैर आहे. स्त्रीबीज फुटण्यासाठी दिलेल्या एचसीजीच्या इंजेक्शनचा अंश 10 ते 14 दिवस राहू शकतो, म्हणून त्या काळात किटवर दिसलेली दुसरी रेघ फसवी असू शकते.

गोळ्या गर्भावस्थेत गेल्याचे लक्षात आले तर त्या लगेच थांबवून डॉक्टरांना प्रत्येक गोळीची आणि डागांची तारीख सांगावी, फॉलिक ॲसिड चालू ठेवावे, 11 ते 13 आठवड्यांची आणि पुढे 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नये. टोरंटोतील एका सल्लाकेंद्राने 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निर्धोक औषधे घेतलेल्या गर्भवतींनीही आपल्या बाळाला व्यंग असण्याची शक्यता सुमारे 24 टक्के मानली होती. अशा अवास्तव भीतीपोटी, वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेनंतर राहिलेला हवाहवासा गर्भ पाचव्या-सहाव्या आठवड्यातच पाडण्याचा निर्णय घेतला जाणे, हे या विषयातील सर्वांत दुःखद नुकसान होय. भारतातील 2021 च्या सुधारित कायद्यानुसार 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो आणि गर्भात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास 24 आठवड्यांनंतरही त्याला परवानगी आहे. त्यामुळे सोनोग्राफीचे निष्कर्ष हाती येईपर्यंत थांबण्यास पुरेसा वेळ असतो.