म्हैस पान्हा का चोरते?



रेडकू दगावलं की आपण म्हणतो, म्हैस आटली. पण दूध लगेच आटत नाही. ते कासेतच असतं, म्हैस सोडत नाही एवढंच.

रेडकू ढुशी देऊन सड ओढतं, तेव्हा त्याची वर्दी नसांवाटे म्हशीच्या मेंदूला जाते. मेंदूच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात उतरतो. तो कासेत पोचला की दुधाच्या बारीक पिशव्या आवळल्या जातात आणि दूध सडात येतं. हाच पान्हा. गाईला मिनिटभर पुरतं, म्हशीला दोन मिनिटं, कधी जास्तही लागतात. त्यात म्हशीच्या कासेत खाली साठलेलं दूध शंभरात पाचेक भागच. बाकीचं वर पिशव्यांत. म्हणून पान्ह्याशिवाय म्हशीची धार जवळजवळ कोरडीच.

या रसाचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. तेव्हा पान्हा आल्यावर बादली शोधायला उठू नका! मूठ धरून एका बैठकीत धार पुरी करा. काठी उगारली, कुत्रं अंगावर आलं, की भीतीचा रस सुटतो आणि पान्हा अडतो. मग म्हशीला दोष देऊन काय उपयोग?

पान्हा सवयीनंही येतो. आपल्या पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला भागातली पंढरपुरी म्हैस बघा. कोल्हापुरात गवळी तिची धार भर चौकात गिऱ्हाइकासमोर काढून देतात, आणि ती खुशाल पान्हा सोडते. तेव्हा रेडकू गेलं तरी धीर सोडू नका. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच माणूस. पुढं आंबोण ठेवा, कोमट पाण्यानं कास धुवा, दोन-तीन मिनिटं हलक्या हातानं चोळा. पहिले काही दिवस दूध कमी निघेल. धार चुकवू मात्र नका.

काही जण अशा वेळी पान्ह्याचं इंजेक्शन टोचतात. त्यानं नवं दूध तयार होत नाही, आहे तेच उतरतं. रोज टोचलं की जनावराला त्याची सवय जडते, मग सुईशिवाय ते पान्हवत नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं असं काही टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आठवडाभरात म्हैस वळणावर आली नाही, किंवा कास सुजली, सड दुखरे झाले, दुधात गुठळ्या दिसल्या, तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.