रकान्यातली आडवी रेघ

पहाटे 5.40

जानेवारीत रायपूरला पहाटे चांगलाच गारठा असतो. पुरानी बस्तीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक दुमजली इमारत आहे, तिच्या गच्चीवर आमच्या प्रयोगशाळेचं धूळ मोजायचं यंत्र बसवलंय. हे सरकारी जाळ्यातलं केंद्र नव्हे. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती. तिथे स्पंज आयर्नचे, फेरोअलॉयचे कारखाने आहेत आणि हिवाळ्यात वारा बहुतेक त्याच अंगाने येतो. जुन्या वस्तीतली माणसं श्वासाबरोबर नेमकं काय आत घेतात, ते या अभ्यासात पाहायचं आहे.

यंत्रातला कागद दिवसातून तीनदा बदलायचा: सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10. कागद काचतंतूंचा, 8 बाय 10 इंचांचा. तो कडेला चिमट्याने धरायचा, धुळीची बाजू आत ठेवून दुमडायचा, पाकिटात घालायचा आणि पाकिटावर वेळ नि हवेचा प्रवाह लिहायचा. दुपारचा कागद मातकट निघतो. रात्रीचा काळपट असतो आणि त्याच्यावरून बोट फिरवलं तर काजळी लागावी तसं लागतं. दोघांचं वजन पुष्कळदा जवळपास सारखंच भरतं.

शेजारच्या दाईंनी गच्चीवर रखिया बरी (कोहळ्याचे सांडगे) वाळत घातलेली असते. रात्रभर उघडी राहिली तर सकाळी तिच्यावर काळी पूड बसते, म्हणून आता त्या संध्याकाळीच सुपावर कापड टाकतात. मला पाहिलं की विचारतात, "आज कतका निकलिस, बेटी?" किती निघालं ते मी त्यांना उद्या सांगू शकते. त्यातून काय होतं, हे त्यांना खरं तर विचारायचं असतं, आणि माझं दिवसभराचं काम त्याच प्रश्नाचं आहे.

सकाळी 7.30

पोहे, चहा, डबा. आमचं घर इथे भोसल्यांच्या काळापासून असल्याचं आजी सांगायची. तात्यापारा, वामनराव लाख्यांच्या नावाचं लाखेनगर हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. घरात मराठी, दारात छत्तीसगढी, कचेरीत हिंदी.

सकाळी 9.50

काल सकाळपर्यंत काढलेले कागद किमान 24 तास डेसिकेटरमध्ये होते, ते आज तोलायचे. हिशेब साधा आहे. यंत्र मिनिटाला सुमारे 1.1 घनमीटर हवा ओढतं, म्हणजे 8 तासांत 528 घनमीटर. समजा, कागदाचं वजन 66 मिलिग्रॅमने वाढलं, तर हवेत दर घनमीटरला 125 मायक्रोग्रॅम धूळ होती. तिन्ही कागदांची सरासरी काढली की 24 तासांचा आकडा मिळतो. 18 नोव्हेंबर 2009 च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे पीएम 10, म्हणजे बारीक धुळीसाठी, तो 100 च्या आत हवा.

या सरासरीवर मी अडते. रात्रीचा कागद 180 आणि दिवसाचे दोन 55-55 आले, तरी सरासरी 97 निघते आणि दिवस "मानकात" बसतो. रात्री 10 ते 6 या वेळात काय घडलं, ते अहवालातून पुसलं जातं. सरासरी 24 तासांची धरायची हे कुणीतरी कधीतरी ठरवलेलं आहे आणि त्यामागे कारणंही आहेत. धुळीचे आरोग्यावरचे परिणाम दाखवणारे मोठे अभ्यासच दिवसाच्या आणि वर्षाच्या सरासरीवर उभे आहेत. पण ठरवलेली गोष्ट ठरवलेली म्हणून लक्षात ठेवावी लागते, नाहीतर ती निसर्गनियमासारखी वाटू लागते. म्हणून आमच्या तक्त्यात मी तिन्ही पाळ्यांचे आकडे वेगळे छापते.

2014 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत दिल्ली, पाटणा, ग्वाल्हेरच्या पाठोपाठ रायपूरचं नाव आलं होतं, पीएम 2.5 ची वार्षिक सरासरी 134. तेव्हापासून शहरात सगळ्यांना हा आकड्यांचा खेळ कळतो. पण तराजू आंधळा असतो. रस्त्याची माती असो, भुर्रीचा (शेकोटीचा) धूर असो की भट्टीतली धातूची वाफ, त्याला वजन तेवढं कळतं.

सकाळी 11.15

कागदाची पट्टी कापून आम्लात उकळायची, गाळायची, ठरल्या आकारमानापर्यंत आणायची आणि अणुशोषण यंत्राला द्यायची. मँगनीज 279.5 नॅनोमीटरवर वाचतात. सोबत कोरा कागदही त्याच सगळ्या पायऱ्यांतून काढावा लागतो, कारण कागदात मुळातच थोडे धातू असतात.

याच टेबलावर सल्फर डायॉक्साइड मोजायचं द्रावण आहे, त्यात पारा असतो. नायट्रोजन डायॉक्साइडच्या द्रावणात सोडियम आर्सेनाइट. शोषक नळीतलं वापरलेलं द्रावण सिंकमध्ये जाऊ नये यासाठी मी नव्या मुलांच्या मागे हात धुऊन लागते. हवा तपासताना पाणी नासवायचं नाही.

मग अहवालाचा तक्ता. उभे रकाने: घटक, मोजलेली पातळी, मानक. शिशाच्या पुढे वार्षिक 0.5 मायक्रोग्रॅम. आर्सेनिकपुढे 6 नॅनोग्रॅम, निकेलपुढे 20 नॅनोग्रॅम. मँगनीजपुढे आडवी रेघ. 2009 च्या मानकांत बारा घटक आहेत, मँगनीज त्यांत नाही. वाचणारा ही रेघ "काळजी नको" अशी वाचतो. मी अनेक बैठकांत हे होताना पाहिलं आहे.

दुपारी 12.30

आजचं मुख्य काम हेच: तांत्रिक समितीसाठी मँगनीजवरचं टिपण.

मँगनीज आपल्याला परकं नाही. नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या पट्ट्यात 'मॉइल' या सरकारी कंपनीच्या खाणी आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायॉक्साइड कोरड्या बॅटरीच्या उद्योगाला जातं. फेरोमँगनीज, सिलिकोमँगनीज हे फेरोअलॉय भट्ट्यांचं नेहमीचं उत्पादन. आणि अन्नातून मँगनीज शरीराला लागतंच. भातात आहे, चहात आहे. पोटातून गेलेलं जास्तीचं मँगनीज यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. श्वासातून गेलेलं मात्र आधी यकृताकडे जात नाही, थेट रक्तात उतरतं आणि मेंदूपर्यंत पोचतं. 1837 मध्ये ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी मँगनीजचा दगड दळणाऱ्या कामगारांचे लुळे पडत जाणारे पाय नोंदवून ठेवले. म्हणजे हा पदार्थ घातक आहे का, हा पहिला प्रश्न केव्हाच सुटला आहे. अवघड आहे तो दुसरा: किती?

जगातले नियामक याचं उत्तर ज्या अभ्यासातून काढतात तो बेल्जियममधल्या एका बॅटरी कारखान्याचा, 1992 सालचा. रोएल्स आणि सहकाऱ्यांनी मँगनीज डायॉक्साइडच्या धुळीत काम करणारे 92 कामगार आणि तुलनेला 101 इतर कामगार तपासले. हातांची स्थिरता, डोळा आणि हात यांचा मेळ, प्रतिसादाचा वेग. स्थिरतेच्या चाचणीत लहान लहान होत जाणाऱ्या भोकांत धातूची काडी कडेला न लावता धरायची असते. धुळीत काम करणाऱ्यांचे हात जास्त थरथरत होते. त्यांपैकी कुणीच आजारी म्हणून नोंदलेला नव्हता, सगळे रोज कामावर येत होते.

श्वसनमार्गात खोल जाणाऱ्या धुळीतलं मँगनीज तिथे सरासरी 150 मायक्रोग्रॅमच्या आसपास होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1993 मध्ये हाच आकडा घेतला. कामगार दिवसाच्या 20 घनमीटर श्वासापैकी 10 कामावर घेतो, आणि आठवड्याचे 5 दिवस. त्या प्रमाणात उतरवल्यावर राहिले साधारण 50. मग तीन वेळा दहाने भागलं. एकदा माणसामाणसांतल्या फरकासाठी: बाळं, म्हातारे, यकृताचे रुग्ण त्या 92 जणांत नव्हते. एकदा अशासाठी की 150 ला परिणाम दिसलाच होता, परिणाम न दिसणारी पातळी सापडलीच नव्हती. आणि एकदा माहितीतल्या उणिवांसाठी: आयुष्यभराच्या संपर्काची, वाढत्या वयातल्या परिणामांची, मँगनीजच्या वेगवेगळ्या संयुगांची पुरेशी माहिती नव्हती. 50 भागिले 1000, म्हणजे 0.05 मायक्रोग्रॅम.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2000 साली त्याच कामगारांचे आकडे घेतले, पण संख्याशास्त्राने परिणामाची खालची सीमा 30 धरली. ती 24 तास, 7 दिवसांवर आणली आणि 50 ने भागली. त्या 50 मध्ये 10 माणसामाणसांतल्या फरकाचे, आणि उरलेला 5 चा गुणक लहान मुलांसाठी. तो कुठून आला? शिशावरून. शिशाचे परिणाम मुलांमध्ये प्रौढांच्या पाचपट कमी पातळीला दिसले होते, म्हणून मँगनीजलाही तेच प्रमाण लावलं. उत्तर 0.15. अमेरिकेच्याच विषारी पदार्थांच्या नोंदणी संस्थेने 2012 मध्ये पुन्हा हेच कामगार घेतले, सीमा 142 काढली, ती 24 तास, 7 दिवसांवर आणली, 100 ने भागली आणि 0.3 वर पोचली.

कामगार तेच आणि थरथरणारे हातही तेच, पण शेवटचे आकडे तीन निघाले, त्यांतला सर्वांत मोठा सर्वांत लहानाच्या सहापट. हे पाहून काही जण म्हणतात, मग सगळंच हवेतलं. मला तसं वाटत नाही. तिन्ही संस्थांनी प्रत्येक भागाकार कारणासकट लिहून ठेवला आहे, म्हणून तर रायपुरात बसून मी तो तपासू शकते आणि एखादा पटला नाही तर भांडू शकते. नियामकाचं खरं काम या पानांवर आहे. जिथे माहिती संपते तिथे कुणाच्या बाजूने किती सावध राहायचं, हे माणसांनाच ठरवावं लागतं, आणि ते त्यांनी उघडपणे ठरवायला हवं.

उलट 2025 पर्यंत लागू असलेल्या आपल्या फॅक्टरी कायद्यात 1987 च्या दुरुस्तीने आलेलं दुसरं परिशिष्ट काढा. त्यात मँगनीजच्या धुळीची कमाल मर्यादा 5 मिलिग्रॅम ठेवलेली होती. बेल्जियमच्या कारखान्यात एकूण धुळीतलं मँगनीज सरासरी 1 मिलिग्रॅमच्या आत होतं आणि तरी हात थरथरत होते. परिशिष्टात फक्त आकडा आहे. तो कसा आला, हे तिथे लिहिलेलं नाही. म्हणून त्याच्याशी वादच घालता येत नाही. त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मँगनीजची विषबाधा कळवणं बंधनकारक असलेला आजार म्हणून नोंदली होती. आजार झाल्यावर कळवायचा, त्याच्या आधीच्या थरथरीला कुठे रकानाच नाही.

दुपारी 2

कागद बदलल्याचा सहायकाचा फोन. डबा.

दुपारी 3.30

एका कारखान्याच्या सल्लागारांचा फोन. माणूस सभ्य आणि जाणकार. "मॅडम, मर्यादाच नाही, तर ओलांडली कुणी?" मी सांगितलं की 1981 च्या वायू कायद्याखाली संमती देताना अटी घालता येतात, त्यासाठी राष्ट्रीय मानक असायलाच हवं असं नाही. त्यांचा दुसरा मुद्दा बरोबर होता, तो मी मान्य केला: 0.05 ही रोग सुरू होण्याची रेषा नव्हे. आयुष्यभर रोज श्वासात घेतलं तरी अपाय होण्याची शक्यता फारशी नाही, अशी ती पातळी आहे. एखाद्या दिवशी ती ओलांडली म्हणून कुणी आजारी पडत नाही. वस्तीत जाऊन घबराट पसरवणारे हा फरक सांगत नाहीत, आणि मग खरं बोलणाऱ्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो. पण वर्षानुवर्षं ओलांडत राहिली तर मधली सुरक्षेची जागा झिजत जाते. ती जागा दाईंच्या नातवंडांसाठी ठेवलेली आहे, भट्टीच्या हिशेबासाठी नाही. हेही मी त्यांना सांगितलं.

संध्याकाळी 5

टिपणात एक परिच्छेद कायद्याचा घालावा लागतो. युरोपात 1 जून 2007 पासून लागू झालेल्या 'रीच' कायद्याने पदार्थ निर्धोक वापरता येतो हे दाखवायचा बोजा उत्पादकावर टाकला: माहिती नाही तर बाजार नाही. अमेरिकेच्या 1976 च्या कायद्याने आधीपासून बाजारात असलेली सुमारे 62,000 रसायनं न तपासताच चालू ठेवली आणि 2016 मध्ये दुरुस्ती करून त्यांच्या तपासणीची सक्ती आणावी लागली. आपल्याकडे भोपाळनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि 1989 चे घातक रसायनांचे नियम आले. त्यांचं लक्ष मुख्यतः साठा आणि अपघात यांवर आहे. रोज थोडं थोडं जे आत जातं त्याचा विचार त्यांत तोकडा आहे.

रात्री 8.40

रात्री 10 चा कागद आज सहायक बदलणार आहे, मला टिपण पुरं करायचंय. मँगनीजपुढची आडवी रेघ मी पुसली. तिथे लिहिलं: "भारतीय मानक ठरलेलं नाही. तुलनेसाठी 0.05, 0.15, 0.3, आधार व गुणक परिशिष्टात." रात्रीच्या पाळीचा आकडा वेगळा दिला. वजनाच्या शेजारी धातूंचा रकाना सक्तीचा करावा, असं सुचवलं. शिशावरून उसना घेतलेला मुलांचा 5 चा गुणक आपल्या वस्त्यांना पुरेसा आहे का, यावर अर्धं पान खर्च केलं, कारण इथल्या पुष्कळ मुलांच्या अंगात लोह कमी असतं आणि लोह कमी असलं की शरीर मँगनीज जास्त शोषून घेतं.

समितीत कुणी 0.3 धरेल, कुणी 0.05. तो आकडा का धरला, हे प्रत्येकाने स्वतःच्या सहीखाली लिहावं, अशी विनंती टिपणाच्या शेवटी केली आहे.