गळ्यात उरलेला ‘आ’

गळ्यावर दोन बोटं हलकेच टेकवा आणि लांब ‘आ’ म्हणा. आता आवाज न तोडता त्याचा ‘ई’ करा. बोटांखालची थरथर तशीच चालू राहिली ना? हलले ते जीभ आणि ओठ. स्वरतंतू पुरुषाच्या गळ्यात सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा थरथरतात, बाईच्या गळ्यात दोनशेच्या आसपास. हा झाला कच्चा आवाज. त्याची अक्षरं होतात ती वर, घसा, तोंड आणि नाकाच्या पोकळीत. स्वीडनच्या गुन्नार फांट यांनी १९६० मध्ये ही विभागणी गणितात मांडली.

एमआयटीतल्या डेनिस क्लॅट यांनी याच वाटेने संगणकाला बोलतं केलं आणि नमुना घेतला तो स्वतःच्याच आवाजाचा. १९८५ मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर, एएलएस या आजाराने आधीच बोलणं अस्पष्ट झालेल्या विश्वशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांची उरलीसुरली वाचा गेली. पुढे जगाने त्यांना ज्या आवाजात ऐकलं, तो मुळात क्लॅट यांचा. खुद्द क्लॅट यांचा गळा थायरॉइडच्या कर्करोगाने बसत गेला. १९८८ मध्ये ते वारले. त्यांचा आवाज मात्र आणखी तीस वर्षं विश्वाच्या गोष्टी सांगत राहिला! विज्ञानाच्या इतिहासात याहून हृद्य गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

पण असे तयार आवाज मोजकेच होते. एका परिषदेत रुपल पटेल यांना एक लहान मुलगी आणि पन्नाशीचा गृहस्थ आपापल्या यंत्रांतून बोलताना दिसले. दोघांचा आवाज एकच! बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या या प्राध्यापिकेचा अभ्यास होता सेरेब्रल पाल्सीसारख्या विकारांत बोलणं अस्पष्ट होणाऱ्या लोकांचा. जीभ आणि ओठ ऐकेनासे झाले, तरी स्वरतंतूंवरचा ताबा बऱ्याचदा शाबूत असतो, हे त्यांच्या लक्षात आलं. अशा माणसाला ‘आ’ लांबवता येतो, सूर चढवता-उतरवता येतो. शब्द गेले तरी ओळख गळ्यात आहेच!

मग त्या एवढ्याशा ‘आ’मधून त्यांनी त्या माणसाचा सूर, घोगरेपणा, श्वासाची झाक टिपली. साधारण त्याच वयाच्या, त्याच चणीच्या दात्याकडून हजारो वाक्यं वाचून घेतली आणि दात्याच्या उच्चारांत रुग्णाचा सूर मिसळला. त्यातून निघालेला आवाज दात्याइतका स्पष्ट, पण बाज रुग्णाचा. २०१४ मध्ये त्यांनी यासाठी व्होकॅलिड ही कंपनी काढली आणि अनोळखी लोक रक्तदान करावं तसं आवाजदान करू लागले.

एएलएससारख्या, स्नायूंवरचा ताबा घालवणाऱ्या आजारात वाचा हळूहळू जाते, त्यामुळे स्वतःचाच आवाज आधी साठवून ठेवता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एका एएलएस रुग्णाच्या मेंदूतले संकेत वाचून त्याला बोलायचे असलेले शब्द ९७ टक्क्यांहून अधिक अचूक ओळखले आणि आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेल्या त्याच्याच आवाजात ऐकवले. ती जुनी ध्वनिमुद्रणं होती, म्हणून हे जमलं. घरात कुणाला अशा आजाराचं निदान झालं असेल, तर त्याच आठवड्यात स्पीच थेरपिस्टना आवाज साठवण्याविषयी विचारा. आवाज बसेपर्यंत थांबू नका.