हंटिंग्टनच्या आजारात बुद्धी का मंदावते?

घरातला कर्ता माणूस चालताना झोकांड्या खाऊ लागला, हातपाय आपोआप हलू लागले, साधे हिशेब चुकू लागले, की लोक त्याला दारुडा किंवा आळशी ठरवून मोकळे होतात. यामागे हंटिंग्टनचा आजारही असू शकतो. सभासदांना व विद्यार्थी मित्रांना त्याची ओळख व्हावी, म्हणून आम्ही हा लेखनप्रपंच करीत आहोत.

अमेरिकेतील डॉ. जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ साली या आनुवंशिक आजाराचे वर्णन केले. व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या सहकार्याने शास्त्रज्ञांनी १९९३ साली चौथ्या गुणसूत्रावरील सदोष जनुक शोधून काढले. त्यात 'सी-ए-जी' ही तीन अक्षरे वाजवीपेक्षा जास्त वेळा येतात. आई किंवा वडील बाधित असल्यास प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, हा दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

या आजारात मेंदूच्या खोल भागातील पेशी झिजतात. विचार संथ होतो, कामाची आखणी जमत नाही, एका कामावरून दुसऱ्याकडे वळणे जड जाते. हे बदल कित्येकदा अंगाच्या हालचाली बिघडण्याच्या काही वर्षे आधीच सुरू होतात.

ही घसरण सर्वांत सारखी का नसते? पहिले कारण म्हणजे अक्षरांची पुनरावृत्ती आणि वय. पुनरावृत्ती जितकी जास्त, तितका आजार साधारणतः लवकर येतो. दुसरे, डीएनएची दुरुस्ती करणारी इतर जनुके. त्यांच्यामुळे मेंदूच्या पेशींत ही पुनरावृत्ती आयुष्यभर कमी-अधिक वेगाने वाढते. तिसरे, नैराश्य, अपुरी झोप आणि सुस्ती आणणारी काही औषधे. यांनी बुद्धी अधिकच मंद भासते; मात्र यांवर डॉक्टरांच्या सल्ल्याने इलाज करता येतो. औषधे मनाने बंद करू नयेत. व्यायाम व मनाला चालना देणारी कामे उपयोगी पडतात. पण त्यांनी आजार थांबत नाही.

आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. म्हणून घरच्यांची समजूत मोलाची. रुग्णाला एका वेळी एकच गोष्ट सांगावी, उत्तरासाठी वेळ द्यावा, दिनक्रम ठरलेला ठेवावा. रक्ततपासणी करावी की नाही, हे प्रौढ मुलांनी समुपदेशनानंतर स्वतः ठरवावे; त्यांच्यावर सक्ती नको. जो दोष जन्मासोबत आला, त्याबद्दल माणसाला बोल लावणे हा अन्याय आहे, एवढे आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे.