ज्या रोजाला इफ्तारची वेळ नसते

रमजान लागला की मुस्लिम घरांतल्या भिंतीवर महिन्याचे वेळापत्रक येते. सहरी कधी संपते, इफ्तार कधी, सगळे मिनिटांच्या हिशेबात. २०२३ च्या रमजानात पहाटे पाचच्या सुमारास रोजा सुरू होत होता आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुटत होता. साडेतेरा तासांची भूक आणि तहान, तीही विदर्भातल्या उन्हाळ्याच्या तोंडावर. ऐकणाऱ्याला ते कठीण वाटते. पण रोजेदाराला एक मोठा आधार असतो. हे कधी संपणार, ते त्याला आधीच ठाऊक असते.

हिंगणघाटमध्ये वणा नदीकाठच्या एका वस्तीत असे एक घर आहे, ज्याने २०२२ च्या पावसाळ्यात हा आधार नसलेले दिवस काढले. त्या पुरानंतरचा त्यांचा पहिला रमजान २०२३ साली आला. घरधनी गादी-रजाईचे काम करतात. घरात त्यांची आई, पत्नी, तेव्हा दहावीची परीक्षा नुकतीच दिलेली मुलगी आणि धाकटा मुलगा. "लिहा, पण नाव छापू नका," एवढी एकच अट त्यांनी घातली. तिचे कारण पुढे येईलच.

एकेक सोय गेली तेव्हा

२०२२ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, १० जुलैला आली होती. त्यानंतर जेमतेम आठवडा गेला असेल. जिल्ह्यात पावसाने कहर केला आणि १८ जुलैच्या सुमारास वणेचे पाणी हिंगणघाटच्या नदीकाठच्या वस्त्यांत शिरले. या घरात ते कमरेच्या वर चढले. घरच्यांनी आधी दादीला बाहेर काढले, मग कागदपत्रांची पिशवी आणि वरच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवलेले कुराण. बाकी सगळे पाण्यात राहिले.

आसरा मिळाला शेजारच्या काकूंच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली. खाली पाणी, वर पाऊस आणि वीज बंद. मिक्सर, पंखा, फ्रीज, पाण्याची मोटर यांची किंमत एकाच रात्रीत कळली. मोबाइल दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पडला. त्याबरोबर नातेवाइकांचे सगळे नंबरही गेले, कारण एकही नंबर कोणाला तोंडपाठ नव्हता.

गॅसचे सिलिंडर सापडले, पण रेग्युलेटर आणि शेगडी चिखलाने भरली होती आणि तपासून घेतल्याशिवाय ते लावणे धोक्याचे होते. तीन विटांची चूल मांडली. जळणाला पऱ्हाटी होती, पण भिजलेली. शेवटी मोडलेल्या दिवाणाच्या फळ्या फोडल्या. काकूंचा चातुर्मास सुरू झालेला. त्यामुळे त्या चुलीवर दोन्ही घरांसाठी वरण-भात आणि मिळेल ती भाजी एवढेच शिजले. कोणी ठरवले नाही, कोणी बोललेही नाही. "चूल एक आणि खाणारे दोन घरचे, तर काकूंना चालेल तेच शिजणार ना," असे घरच्या वहिनी सहज म्हणाल्या.

दादींना मधुमेह आहे. इन्सुलिनची चालू बाटली फ्रीजमध्ये होती. मुलाने ती खिशात घालून आणली. पुढे डॉक्टरांना विचारून ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, पाणी लागणार नाही अशी मातीच्या माठात ठेवली. उघडलेली बाटली थंड जागी ठेवली तर साधारण चार आठवडे चालते. ऊन आणि चुलीची धग तेवढी टाळावी लागते. ही माहिती प्रत्येक मधुमेही घराने आजच आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावी. पूर येण्याची वाट पाहू नये.

सगळ्यात अवघड गोष्ट वहिनींनी शेवटी, आवाज खाली करून सांगितली. वस्तीतले संडास पाण्याखाली होते. पुरुषांनी कशीतरी सोय पाहिली. बायका आणि मुली अंधार पडेपर्यंत थांबायच्या. थांबता यावे म्हणून दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. समोर टँकरचे पाणी भरून ठेवलेले असायचे आणि ओठ कोरडे. हाही एक रोजाच होता. पण त्याची सहरी नव्हती, इफ्तार नव्हता आणि तो कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नव्हता.

गोडेतेलाचा दिवा आणि मगनवाडी

पहिल्या रात्री दिव्याचा प्रश्न आला. दादींना कंदील आठवला. तो घरात होताही, पण रॉकेल कुठून आणायचे? गॅस आल्यापासून रेशनचे रॉकेल बंद झालेले. मग काकूंनी वाटीत गोडेतेल घेतले, दादींनी भिजलेल्या गादीतला त्यातल्या त्यात कोरडा कापूस काढून वात वळली. त्या उजेडात मुलीने वह्या-पुस्तकांची पाने एकेक सुटी केली आणि मधेमधे रद्दीचे कागद घालून वाळत ठेवली.

हे ऐकताना वर्ध्याच्या माणसाला मगनवाडी आठवावी. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली, खेड्यातल्या घराला परवडतील अशा वस्तूंचे प्रयोग तिथे झाले. त्यातलाच एक मगनदीप. रॉकेलऐवजी गावच्या घाणीच्या तेलावर जळणारा दिवा. मगन चूलही तिथलीच. हे काम आजही मगन संग्रहालयात पाहता येते. सेवाग्रामची बापू कुटी तर माती-बांबूचीच. सोयींवाचून कसे जगावे, याचा जगाला धडा देणारा हा जिल्हा.

पण इथे थोडे थांबायला हवे. बापू कुटीतले कमी हे निवडलेले कमी होते. रोजाही निवडलेला असतो. माणूस नीयत करतो, म्हणजे मनाशी ठरवतो आणि मग अन्नपाणी सोडतो. पुरात घर बुडालेल्या माणसाला कोणी नीयत विचारत नाही. म्हणून त्याच्या हालांना 'साधेपणा' म्हणणे किंवा 'जुने दिवस किती छान होते' असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

याच घरातले उदाहरण घ्या. कापूस पिंजायच्या यंत्राची मोटर चिखलाने जळाली. भिंतीवर वडिलांच्या वेळचे पिंजण टांगलेले होते. धनुष्यासारखे, तात ओढलेले. वीज नाही तर नाही, हाताने पिंजू, असे म्हणून त्यांनी ते उतरवले. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, हा विचार १९३७ साली वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत पुढे आला आणि त्याची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. पण ज्या हाताला यंत्राची सवय लागली, त्याला तात लगेच वश होत नाही. दादी शेजारी बसून सांगत होत्या, ठोका कुठे द्यायचा, तात किती ताणायची. दिवसभरात एका उशीपुरता कापूस निघाला. "अम्मी हसली, मीही हसलो. पण उशीच्या पैशात घर चालत नाही," ते म्हणाले. मोटर दुरुस्त होण्यासारखी नव्हती. शेवटी नवे यंत्र उधारीवर घ्यावे लागले.

पाऊस आजूबाजूला पडो

संकटात माणूस धर्माकडे वळतो, असे आपण म्हणतो. संकटात धर्मही माणसाकडे किती वळतो, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. नमाजाआधी वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणे, आवश्यक. पाणी नसेल किंवा वापरता येत नसेल तर स्वच्छ मातीवर हात मारून तयम्मुम करण्याची परवानगी खुद्द कुराणात आहे. थंडी-पावसाच्या रात्री लोकांनी आपापल्या मुक्कामीच नमाज पढावी, असे अजान देणाऱ्याने पुकारावे, ही पैगंबरांची पद्धत हदीसमध्ये नोंदली आहे. आजारी आणि प्रवासी माणसाला रोजाची सूट आहे. दादी रोजा ठेवत नाहीत, त्याऐवजी गरजू माणसाच्या जेवणाची सोय करतात. त्याला फिदया म्हणतात.

पैगंबरांच्या काळातला एक प्रसंग पूर पाहिलेल्या गावाला लगेच कळेल. दुष्काळ पडला होता. शुक्रवारच्या प्रवचनाच्या वेळी एका माणसाने उभे राहून पावसासाठी दुआ मागायला सांगितले. पाऊस आला आणि आठवडाभर थांबलाच नाही. पुढच्या शुक्रवारी कोणीतरी पुन्हा उभे राहिले. घरे पडताहेत, माल बुडतो आहे, आता थांबवायला सांगा. तेव्हा पैगंबरांनी पाऊस आमच्यावर नको, आजूबाजूला, डोंगरांवर आणि झाडांच्या मुळांशी पडो, अशा अर्थाची दुआ केली. पाऊस नकोच, असे ते म्हणाले नाहीत. कपाशीवर जगणाऱ्या आपल्या भागाला यातला फरक समजावून सांगायची गरज नाही.

मागण्याची मुभा

आता नाव न छापण्याच्या अटीकडे येऊ. पुरानंतर मदत आली. पहिल्या दिवसांत तयार जेवण, मग धान्य, चादरी, भांडी. देणाऱ्यांत सगळ्या जाती-धर्माचे लोक होते. पण रांगेत उभे राहताना या गृहस्थांची मान वर होत नव्हती. "आमच्या हाताने लोकांना गाद्या दिल्या, आता चादरीसाठी हात पसरायचा?" एकदा तर ते रांगेतून तसेच परत आले.

इस्लाममध्ये भीक मागणे वाईट मानले आहे. पण ज्यांना मागण्याची मुभा आहे, अशी तीन माणसे एका प्रसिद्ध हदीसमध्ये सांगितली आहेत. दुसऱ्यासाठी जामीन राहून अडकलेला, उपासमारीला आलेला आणि आपत्तीने ज्याची मालमत्ता नष्ट झाली तो. हा तिसरा माणूस पुन्हा पायावर उभा राहीपर्यंत मागू शकतो. त्याच्यासाठी ती लाज नाही, हक्क आहे. दादींनी मुलाला हेच सांगितले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः त्याच्यासोबत रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

सरकारी मदतीला मर्यादा असतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्य शासनाने जिरायती पिकांच्या नुकसानीसाठी हेक्टरी १३,६०० रुपये, तीन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले. शेतकऱ्याला त्याची गरज होतीच. पण त्यासाठी नावावर सातबारा लागतो. गादीवाला, शिलाई मशीनवर घर चालवणारी बाई, भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर यांची नुकसानी हेक्टरात मोजता येत नाही. यंत्राचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

इथेच रमजानचे काम सुरू होते. वर्षभर शिल्लक राहिलेल्या, ठरावीक मर्यादेवरच्या संपत्तीवर शेकडा अडीच जकात द्यावी लागते आणि बहुतेक जण ती याच महिन्यात काढतात. कुराणाने जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. गरीब आणि निराधार आपल्याला आठवतात. 'कर्जात बुडालेला' हाही त्यांतला एक, हे मात्र आपण विसरतो. पुरानंतर उधारीवर यंत्र घेतलेला कारागीर वरून गरीब दिसत नाही. त्याच्या घराला रंग दिलेला असतो, मुले शाळेत जात असतात. जकात त्याच्या दारावरून पुढे निघून जाते.

म्हणून या महिन्यात जकात काढणाऱ्यांना एक विनंती. आपल्या गल्लीत पुरात कोणाकडे पाणी शिरले होते, हे आठवून पाहा. त्यांच्याकडे धान्याचे किट नेण्याआधी विचारा, हप्ता किती राहिला आहे? तो गुपचूप भरून टाका. फितरा, म्हणजे माणशी ठरलेले धान्य किंवा त्याची रक्कम, ईदच्या नमाजाआधी पोहोचवा, म्हणजे त्या घरातही ईदला शिरखुर्मा होईल. आणि सदका, म्हणजे स्वेच्छेचे दान, त्याला तर धर्माचीही अट नाही. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणाऱ्याला पैगंबरांनी खरा मोमिन मानले नाही. त्यात शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही.

दुसरी विनंती सगळ्याच वाचकांना. पावसाळा आता फार दूर नाही. नदीकाठच्या घरांनी कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र करावीत, चार महत्त्वाचे नंबर वहीत लिहावेत, रोजची औषधे एका डब्यात ठेवावीत, काडेपेटी आणि मेणबत्ती उंचावर ठेवावी. ज्यांची घरे उंचावर आहेत, त्यांनी आपली गच्ची आणि विशेषतः आपले संडास-न्हाणीघर पुराच्या दिवसांत कोणत्या घरच्या बायका-मुलींसाठी उघडे असेल, ते आत्ताच ठरवून त्यांना सांगून ठेवावे. याला पैसा लागत नाही. पण पुढच्या वेळी एखादी मुलगी समोर पाणी असून तहानलेली राहणार नाही.

रोजा आपण सोडतो तो सूर्य मावळला म्हणून. आपत्तीत सापडलेल्या घराची भूक-तहान सूर्याकडे पाहून सुटत नाही, ती माणसांनी सोडवावी लागते. दिवसभराच्या तहानेने ही एवढी गोष्ट लक्षात राहिली, तरी रमजानचे पुष्कळसे काम झाले.