पुन्हा लागलं पाहिजे

तिजोरी फोडणाऱ्यांवर भरपूर लिहून झालंय, न फोडता उघडणाऱ्यांवर लिहा, असं संपादक म्हणाले, म्हणून मी पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेले. कड्या, बिजागऱ्या, साखळ्यांच्या दुकानांमागे एका जिन्याखाली मिस्त्रींची बैठक आहे. एक शेगडा, कानशींचा गठ्ठा आणि पत्र्याचे डबे. डब्यांत मोडीत निघालेल्या कुलपांचे पितळी लिव्हर, म्हणजे आतल्या पट्ट्या, जाडीप्रमाणे लावून ठेवलेले. आळीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणू लागले.

त्यांच्याकडे येणाऱ्या जुन्या तिजोऱ्यांत गोदरेजच्या पुष्कळ. वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवून पाहिली, तो धंदा बसला. 1897 मध्ये त्यांनी लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि 1902 मध्ये तिजोऱ्या करायला घेतल्या. 14 एप्रिल 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटानंतरच्या आगीत आपल्या तिजोऱ्यांतले कागद वाचले, असं कंपनी अभिमानाने सांगते. मिस्त्रींना यातला मसाला तेवढा महत्त्वाचा वाटतो. दाराच्या दोन पत्र्यांमध्ये आग रोखणारा मसाला भरलेला असतो. गॅस कटर लावला की तो विस्कटतो, उष्णता आत जाते, आणि आगीपासून जपलेले खरेदीखताचे कागद त्या कटरनेच करपतात. भोक पाडलेली तिजोरी मग वजनावर भंगारात जाते.

सदाशिव पेठेतल्या एका घरातलं काम मला पाहायला मिळालं. आई वारल्यानंतर दोघा भावांना तिजोरी उघडायची होती. किल्ली हातात होती, पण फिरत नव्हती. मिस्त्रींनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. आधी मृत्यूचा दाखला पाहिला, दोन्ही भावांची ओळखपत्रं पाहिली, वहीत त्यांच्या सह्या घेतल्या. त्यानंतर प्रश्न सुरू झाले. शेवटची कधी उघडली? तेव्हा किल्ली जड जात होती का? तेल कोणी घातलं?

‘मीच घातलं होतं, खोबरेल,’ धाकट्या सूनबाई म्हणाल्या.

‘वहिनी, तेल धूळ धरतं. आत चिखल झाला असणार.’

मग त्यांनी दाराला खांदा लावून ते आत रेटलं. फायली ठासून भरल्या की दार आतून बाहेर ढकललं जातं, आगळी चौकटीवर दाबून बसतात आणि किल्ली बरोबर असूनही फिरत नाही. लोक अशा वेळी हँडल आणखी जोरात ओढतात, म्हणजे नेमका उलटा उपाय करतात. इथलं दुखणं मात्र ते नव्हतं.

लिव्हरचं कुलूप समजायला सोपं आणि फसवायला अवघड आहे. पितळी पट्ट्या एकावर एक बसवलेल्या, प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग, प्रत्येकीत एक खाच. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी नेमक्या उंचीला उचलतो. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच आगळीवरचा खुंट त्यांतून सरकतो. पट्टी कमी उचलली तरी अडतं, जास्त उचलली तरी अडतं. ही दुहेरी अट 1778 मध्ये लंडनच्या रॉबर्ट बॅरनने घातली. सदाशिव पेठेतली ती तिजोरी त्याच अटीवर बंद होती.

मिस्त्रींनी वाकड्या टोकाची तार आत घातली आणि डोळे मिटले. तारेने पट्टी उचलली की स्प्रिंग ती परत खाली दाबते, आणि तो दाब बोटाला कळतो. वैद्य नाडी पाहतो तसे ते एकेक लिव्हर तपासत होते. एका लिव्हरला परतीचा दाब नव्हता. त्याची स्प्रिंग तुटली होती आणि चिकट मळीत तो अर्धवट उचललेलाच राहिला होता. मिस्त्रींनी आत थेंब थेंब रॉकेल सोडलं, चहा घेतला, पुन्हा रॉकेल सोडलं. घरातल्यांचा धीर सुटत चालला होता. मिस्त्रींच्या हालचालीत मात्र फरक नव्हता. शेवटी तो एक लिव्हर खाली बसला. घरातलीच किल्ली घातली, आणि ती फिरली.

दार उघडताच सगळे आत वाकले. मिस्त्रींनी तिकडे पाहिलंही नाही. ते दाराच्या मागच्या पत्र्याचे स्क्रू काढू लागले. त्यांचं निम्म्याहून अधिक काम आता सुरू होत होतं. कुलूप सुटं केलं, मळी धुतली, डब्यातल्या पोलादी पट्टीची नवी स्प्रिंग घडवली, नवी किल्ली कानशीने घासली. झिजलेल्या किल्लीवरून दुसरी काढली तर झीजही उतरते, म्हणून त्यांनी मापं किल्लीवरून न घेता लिव्हरांवरून घेतली. दार उघडं ठेवून कुलूप कितीदा तरी लावून पाहिलं. ‘उघडलं म्हणजे काम झालं नाही, ताई. पुन्हा लागलं पाहिजे.’

1851 मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कारागिराने हेच दाखवून दिलं होतं. चब कंपनीच्या डिटेक्टर कुलपात लिव्हर जास्त उचलला गेला की ते अडकून बसे आणि कोणीतरी छेडलं होतं हे मालकाला कळे. हॉब्सने साक्षीदारांसमोर ते 25 मिनिटांत उघडलं आणि 7 मिनिटांत परत लावलं, कुलपाला इजा न करता. पिकाडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत आव्हान म्हणून ठेवलेलं ब्रामा कंपनीचं कुलूप उघडायला त्याला 16 दिवसांत मिळून सुमारे 51 तास लागले. त्याबद्दल 200 गिनी मिळाल्या. मला त्या 200 गिनींपेक्षा ती 7 मिनिटं मोठी वाटतात.

आज मात्र या कामाला वेळ आणि पैसा द्यायला कोणी तयार नाही. ड्रिल मशीनवाला लवकर मोकळा होतो आणि कमी पैसे सांगतो. कुलूप गेलं हे गिऱ्हाइकाला नंतर कळतं. बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली तर लॉकर उघडण्याचा आणि कुलूप बदलण्याचा खर्च रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या निर्देशांनुसार ग्राहकाकडून घेता येतो. दुरुस्तीचा विचारही तिथे होत नाही. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात 14 जुलै 2024 रोजी रत्नभांडाराचा आतला कक्ष उघडताना किल्ल्या चालल्या नाहीत, तेव्हा कुलपं तोडली गेली. नव्या तिजोऱ्यांना आकड्यांची बटणं आली. त्यातलं सर्किट बिघडलं की अख्खं बदलायचं. कानस तिथे काय करणार? जुन्या कुलपांचे लिव्हर बाजारात मिळत नाहीत, म्हणून मिस्त्री मोडीतल्या कुलपांतून ते वेचून ठेवतात.

वारसाचा प्रश्न त्याहून बिकट आहे. शिकायला मुलं येतात, पण महिन्याभरात उघडायचं कसं तेवढं विचारतात. अशा मुलांना मिस्त्री परत पाठवतात. वर्षभर स्प्रिंगा घडवण्याची आणि किल्ल्या घासण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच तारेला हात लावू द्यायचा, हा त्यांचा नियम. तो मला पटतो, आणि तरी त्यांच्या शेजारचं स्टूल रिकामं आहे याची काळजी वाटते. त्यांच्या मुलाने मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे.

तुमच्या घरात जुनी तिजोरी असेल आणि किल्ली फिरवताना जोर लागू लागला असेल, तर तेल घालू नका. दार उघडं ठेवून जाणत्या कारागिराला बोलवा. दार उघडं असताना कुलूप काढून साफ करणं तासा-दोन तासांचं काम आहे. दार बंद झाल्यावर त्यालाच अख्खा दिवस जातो.